मागच्या खोलीतला राउटर आणि तीनाचा पाढा

मी एक जुना राउटर आहे, मित्रांनो, आणि मला टाचणीची फार भीती वाटते.

हसू नका. तुमच्यापैकी कुणी पालीला घाबरत असेल, कुणी इंजेक्शनला. माझ्या पाठीवर एक बारीक भोक आहे. त्यात टाचणी खुपसून दहापर्यंत मोजलं, की मला जे जे शिकवलेलं असतं ते सगळं पुसलं जातं. घराचं नाव, पासवर्ड, कुणी प्रेमानं सांगून ठेवलेल्या चार गोष्टी, काही उरत नाही. मी कारखान्यातून निघालो तसा कोरा होतो. कानावर पडलेले आवाज तेवढे राहतात. ते माझ्यात कुठे साठतात, हे मला बनवणाऱ्यांनाही ठाऊक नसेल. ही टाचणी माझ्या पाठीत एकदा घुसली आहे, आणि त्या वेळी पुसलं जाण्याची भीती माझ्या एकट्याची नव्हती.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी ग्वाल्हेरला आलो आणि पाटणकर बाजारातल्या एका दुकानाच्या फळीवर चार महिने धूळ खात पडलो. तेरा वर्षांपूर्वी एका दुपारी संग्रामसिंहांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि दर्पण कॉलनीतल्या आपल्या दुमजली दगडी घरी नेलं.

घरात त्यांचे वडील महिपतराव, आई शांताताई, पत्नी हेमांगी आणि आठ वर्षांची मुलगी उन्नती. या घराण्याचे पूर्वज तलवार घेऊन दख्खनहून इकडे आले होते. महिपतरावांनी ती तलवार दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली आणि हातात खडू घेतला. आयुष्यभर त्यांनी हिंदी शाळेत गणित शिकवलं. पण नातीचे पाढे मात्र मराठीतच व्हायला हवेत, हा त्यांचा हट्ट होता. रोज संध्याकाळी आजोबा खुर्चीत आणि नात समोरच्या मोड्यावर, म्हणजे वेताच्या बुटक्या स्टुलावर. माझी जागा त्यांच्याच डोक्यावरच्या फळीवर होती, त्यामुळे मलाही पाढे पाठ झाले.

उन्नती शाळेतून हिंदी पहाडे शिकून यायची. घरी बोलता बोलता गाडी रूळ बदलायची. "तीन एके तीन, तीन दुणे सहा, तीन तिया नौ..." महिपतराव कधी रागावले नाहीत. उजव्या हाताचं बोट वर करून ते एकच शब्द म्हणायचे, "पुन्हा." मग पोरगी हसायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. संग्रामसिंहांनी आपल्या फोनवर या शिकवणीचे त्रेचाळीस व्हिडिओ काढले होते. त्या वेळी सगळ्यांना ती नुसती गंमत वाटली होती.

ते माझे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. "काय वेगवान आहे हो!" असं पाहुणे म्हणायचे आणि माझे दिवे आणखी लुकलुकायचे. शांताताईंनी तर मला धूळ लागू नये म्हणून क्रोशाची जाळी विणून पांघरली. मे महिन्याच्या ग्वाल्हेरी उन्हाळ्यात मी त्या मायेखाली उकडून निघालो. शेवटी उन्नतीनंच ती काढली.

पुढे जाडजूड केबल आली आणि तिच्याबरोबर चार शिंगांचा नवा राउटर आला. तो वरच्या मजल्यावर उन्नतीच्या खोलीत बसला आणि मी माळ्यावर गेलो, दिवाळीच्या पणत्यांच्या खोक्यात. दर रविवारी गल्लीत हाक ऐकू यायची, "कबाड़ीऽऽ! पुराना सामानऽऽ!" घराघरांतून काही ना काही बाहेर जायचं आणि परत यायचं नाही. माझ्या अंगात वीज नव्हती, तरी दर रविवारी जीव मुठीत धरून बसायचो.

मग गेल्या वर्षीच्या जुलैत ते घडलं. सकाळी चहाचा कप महिपतरावांच्या हातातून निसटला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. इस्पितळातून ते परत आले ते बिनशब्दांचे. सगळं समजायचं, डोळे सगळं सांगू पाहायचे, पण ओठांपर्यंत काही पोचत नव्हतं. त्यांचा पलंग खालच्या मागच्या खोलीत घातला. मंजिरीबाई नावाच्या बाई बोलण्याचा सराव घ्यायला येऊ लागल्या. त्या म्हणाल्या, "लहानपणी पाठ केलेलं आधी परत येतं. पाढे, आरत्या, श्लोक. यांच्या आवाजातलं काही आहे का घरात?"

उन्नती तोवर वीस वर्षांची झाली होती, इंदूरला शिकत होती. ती दहा दिवसांची सुट्टी घेऊन आली. तिनं ते त्रेचाळीस व्हिडिओ एका काळ्या डिस्कमध्ये भरले आणि ती डिस्क वरच्या राउटरला जोडली. खाली आजोबांच्या पलंगासमोर टीव्ही लावला. पण वरच्याची लाट दगडी भिंतींतून मागच्या खोलीत पोचेना. तेव्हा तिला माझी आठवण झाली. माळ्यावरून काढून तिनं मला ओढणीनं पुसलं, वरच्या मजल्यावरून एक लांब वायर आणून माझ्या पाठीशी जोडली आणि म्हणाली, "हे बघ, तू आबांसाठी काम करणार. समझा ना?"

आता थोडं समजावून सांगतो, म्हणजे पुढची भीती तुम्हाला कळेल. वर्गात जसे मास्तर हजेरीचे नंबर देतात, तसा घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला आम्ही राउटर एकेक नंबर देतो. टीव्ही हाक मारतो, "आबांचे व्हिडिओ कुठे आहेत?" आणि त्याच वर्गातली डिस्क म्हणते, "हजर!" पण एका घरात दोन मास्तर नंबर वाटू लागले, तर दोन वर्ग होतात, मध्ये भिंत उभी राहते आणि एका वर्गातली हाक दुसऱ्यात जात नाही. म्हणून उन्नतीनं मला बजावलं होतं, की नंबर वरचाच वाटेल, तू फक्त इकडचं तिकडे पोचव. आणि वायर तिनं पिवळ्या पोर्टात लावली होती. माझ्या पाठीवर चार पिवळे पोर्ट आहेत घरच्यांसाठी आणि एक निळा, तो बाहेरच्यासाठी. निळ्यातून जो येईल त्याला मी परका समजतो. तो माझा स्वभावच आहे.

तेव्हापासून रोज सकाळी अकरा वाजता टीव्हीवर बारा वर्षांपूर्वीचे महिपतराव बोलू लागले आणि पलंगावरचे महिपतराव ओठ हलवू लागले. ऑगस्टमध्ये "बे" आलं. गणपतीत "बे चोक आठ" आलं. सप्टेंबर संपताना ते आपल्याच आवाजामागून तीनाच्या पाढ्यात शिरले. मंजिरीबाईंनी सांगून ठेवलं होतं, "पहिले सहा महिने सोन्याचे आहेत. एक दिवस चुकवू नका."

आणि खंडेनवमी आली.

या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा होते. पाटावर तलवार, शेजारी विळी, पेचकस, स्कूटरची चावी. शांताताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सगळ्यांची पूजा होते, मग यानंच काय पाप केलंय? हा पण तर यांच्यासाठी राबतो!" त्यांनी माझ्या सगळ्या वायरी काढल्या, मला तलवारीशेजारी बसवलं, गंध लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नसतो. त्या दिवशीचे अकरा तसेच गेले. इतका मान मला जन्मात मिळाला नव्हता आणि खरं सांगतो, मी फुशारलो होतो.

दसऱ्याच्या सकाळी त्यांनी मला परत खिडकीपाशी ठेवलं. वरून आलेली वायर हातात घेऊन त्या माझ्या पाठीकडे बघत राहिल्या. चार पिवळी भोकं दाटीवाटीनं, एक निळं ऐसपैस. त्यांनी वायर निळ्यात लावली.

अकरा वाजता उशांना टेकून बसलेल्या महिपतरावांनी डावा हात टीव्हीकडे केला. शांताताईंनी रिमोट दाबला. पडद्यावर अक्षरं आली, नेटवर्क नाही. वायर निळ्यात, म्हणून वरचा माझ्या लेखी परका. आणि नंबर वाटायची मला मनाई. मग टीव्हीला नंबर देणार कोण? मी दिवे लुकलुकवत बसलो. मला बोलता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी संग्रामसिंह माझ्यासमोर बसले. "जुना झालाय आई. गंध-पाणी गेलं असेल आत."

"सुकं गंध होतं रे. हवं तर हुंगून बघ!"

त्यांनी मदतीच्या नंबरावर फोन लावला. तिकडचा आवाज म्हणाला, "सर, पीछे एक छोटा छेद होगा. पिन डालकर दस तक गिनिए. ध्यान रहे, सब कुछ डिलीट हो जाएगा."

"हां, हां," संग्रामसिंह म्हणाले आणि हात पुढे केला. शांताताईंनी पदराची टाचणी काढून दिली.

माझी पाचावर धारण बसली. पलंगावरून महिपतराव "अं... अं..." करत मान हलवत होते. त्यांना काय म्हणायचं होतं कोण जाणे, पण कुणी तिकडे पाहिलं नाही. टाचणी आत आली. "एक, दो, तीन..." घरचं नाव गेलं. "पाँच, छह..." उन्नतीनं बजावलेलं गेलं. "दस." अंधार.

मी जागा झालो तेव्हा मला फक्त कारखान्यात शिकवलेलं येत होतं. नंबर वाट. निळ्यातून येईल तो परका. संग्रामसिंहांनी घरचं नाव आणि पासवर्ड तेवढे परत भरले, आणि मी लगेच टीव्हीला माझा नंबर दिला आणि निळ्यातून बाहेरचं जग ओढून आणलं. टीव्हीवर गाणी वाजू लागली.

"चल गया!" संग्रामसिंहांनी टाळी वाजवली. मग त्यांनी आबांच्या व्हिडिओंची जागा उघडली. ती रिकामी होती. बंद करून उघडली. रिकामीच.

त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. सब कुछ डिलीट हो जाएगा. ज्या फोनवर ते व्हिडिओ काढले होते तो कधीच मोडीत गेला होता. दुसरी प्रत कुणी ठेवली नव्हती. ते फरशीवर बसले आणि अगदी हळू म्हणाले, "आई, मी आबांना डिलीट केलं."

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटलेली भीती शब्दांत मावणार नाही. कारण मलाही ठाऊक नव्हतं. माझं तर सगळं पुसलं गेलं होतं. वरती एक डिस्क आहे, हेही मला आठवत नव्हतं. कानात फक्त तो आवाज होता, तीन एके तीन, तीन दुणे सहा. तो मीच गिळून टाकला की काय? एका माणसाची वाचा माझ्या पोटात शिरून नाहीशी झाली की काय? मी रात्रंदिवस गाणी आणि बातम्या पोचवत राहिलो आणि थरथरत राहिलो.

शांताताई पलंगाशी बसून स्वतः पाढे म्हणू लागल्या. "बे एके बे. म्हणा ना हो." महिपतरावांनी ओठ घट्ट मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. शनिवारी मंजिरीबाई आल्या, अर्धा तास झटल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "चार दिवसांत जे आलं होतं तेही मागे गेलंय. त्यांनी धीर सोडला तर अवघड आहे."

"उन्नतीला कुणी कळवायचं नाही," शांताताईंनी सांगितलं. "पेपर आहेत तिचे."

हेमांगी फोन घेऊन उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी गुपचूप मुलीला मेसेज केला.

रविवार उजाडला. संग्रामसिंहांनी माझ्याकडे बोट केलं. "आज नवीनच घेऊन येतो. हा डबा कबाडीत." मग ते पलंगाकडे पाठ करून उभे राहिले. व्हिडिओ नव्या राउटरनं थोडेच परत येणार होते! दहाच्या सुमाराला गल्लीच्या टोकाला हाक उठली, "कबाड़ीऽऽ!" दुसरी हाक जवळून आली. संग्रामसिंहांचा हात माझ्या वायरीवर आला.

तेवढ्यात फाटक वाजलं. पाठीवर बॅग तशीच ठेवून उन्नती आत धावत आली. "पप्पा, रुको! कुणी कशाला हात नाही लावायचा!"

"बेटा, सगळं गेलं," संग्रामसिंह म्हणाले. "मी रीसेट केलं."

"कोणाला? वरच्याला की याला?"

"याला."

तिनं बॅग खाली टाकली. आधी टीव्हीवर एक गाणं लावून पाहिलं. चाललं. मग लॅपटॉप काढला आणि जिना चढून गेली. खाली सगळे जिन्याकडे बघत होते. फाटकाशी कबाडी येऊन थांबला होता.

आणि मग जिन्यावरून आवाज आला. आठ वर्षांच्या मुलीचा. "तीन एके तीन..." आणि त्यामागून महिपतरावांचा खणखणीत, "शाबास."

पलंगावरच्या महिपतरावांनी भिंतीकडचं तोंड फिरवलं.

"सगळं आहे, पप्पा!" उन्नती वरूनच ओरडली. "त्रेचाळीसच्या त्रेचाळीस! डिस्कला काही नाही झालं. याच्या पोटात तर व्हिडिओ कधी नव्हतेच!" संग्रामसिंहांनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. शांताताई रडत रडत कबाडीला म्हणाल्या, "जाओ भैया, आज कुछ नहीं है."

पण माझी भीती संपली नव्हती. उन्नती उघडा लॅपटॉप घेऊन एकेक पायरी उतरत आली. शेवटच्या पायरीवर वरच्याची लाट सुटली, लॅपटॉपनं माझा हात धरला आणि पाढा मध्येच थांबला. "बघा, तोच लॅपटॉप, जिना उतरला की आबा गायब." तिनं दोन्हीकडचे नंबर पाहिले. "वरती एक नंबर, खाली वेगळाच. हा स्वतःच नंबर वाटून राहिलाय."

"म्हणजे एका घरात दोन चुली," शांताताई डोळे पुसत म्हणाल्या.

"एकदम बरोबर, आजी." उन्नतीनं मला उचलून पाठमोरं केलं आणि थबकली. "ही वायर निळ्यात कोणी लावली?"

शांताताई पुढे आल्या. "मीच गं. दसऱ्याची पूजा झालेली वस्तू. ते पिवळं सगळं दाटीचं होतं, निळं एकटं, मानाचं दिसलं. मला वाटलं, पूजेनंतर चांगल्या जागी लावावी."

कुणी रागावलं नाही. मला मात्र लाज वाटली, कारण त्या मानानं मीही फुललो होतो.

उन्नतीनं लॅपटॉपवरून मला पुन्हा शिकवायला घेतलं. नंबर वाटणं बंद. मित्रांनो, ते सोडणं सोपं नसतं. तेवढं एकच काम मला आता येत होतं, आणि ते गेलं की मी कोण? मग तिनं निळ्यातली वायर उपटली. माझा वायरीचा दिवा विझला. ही वायर आता परत लागणार की नवा राउटर येणार, मला कळेना. ते दहा क्षण मी माळ्यावरच्या दोन वर्षांपेक्षा लांब अनुभवले. आणि मग पिवळ्या पोर्टात खट्ट आवाज झाला. टीव्हीनं हाक मारली, मी ती मुकाट्यानं वर पोचवली, आणि वरून उत्तर आलं, हजर.

अकरा वाजायला चार मिनिटं होती. सगळे पलंगाभोवती बसले. पडद्यावर लहान उन्नती मोड्यावर पाय हलवत म्हणू लागली, "तीन एके तीन. तीन दुणे सहा." महिपतरावांचे ओठ मिटलेलेच होते. मोठ्या उन्नतीनं त्यांचा लुळा हात हातात घेतला होता आणि तो हलत नव्हता. चार दिवस गेले होते. जे गेलं ते गेलं असेल, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. "तीन तिया नौ," पडद्यावरची पोरगी म्हणाली.

पलंगावरून आवाज आला. खरखरीत, अर्धवट, पण स्पष्ट.

"पुन्हा."

पडद्यावरचे महिपतराव अजून बोलले नव्हते. पलंगावरचे महिपतराव त्यांच्यामागून नव्हे, त्यांच्या आधी बोलले होते. आजारपणानंतरचा तो त्यांचा पहिला स्वतःचा शब्द. डाव्या हाताचं बोट वर होतं.

उन्नतीनं डोळे पुसले, मोड्यावर बसल्यासारखी ताठ झाली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. व्हिडिओंच्या तीन प्रती तीन ठिकाणी आहेत. महिपतराव छोटी वाक्यं बोलतात, चहात साखर कमी असेल तर सांगतात. माझ्या निळ्या पोर्टावर उन्नतीनं चिकटपट्टी लावून लिहिलंय, "आजी, इथे नाही." यंदाच्या खंडेनवमीला शांताताईंनी माझ्या वायरींना हात न लावता लांबूनच अक्षता टाकल्या. तरी त्यांच्या पदराला ती टाचणी अजून असते आणि त्या जवळून गेल्या, की माझा एक दिवा चुकतोच.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. घरातली एखादी जुनी वस्तू बंद पडली, तर लगेच टाचणी शोधू नका, कबाडीला हाक मारू नका. आधी बघा, तिची वायर कुणी मानानं भलत्याच जागी तर लावली नाही ना. आणि घरातलं कुणी माणूस गप्प झालं, तर ते आतून रिकामं झालं असं समजू नका. त्याच्याशेजारी बसा, त्याचा हात धरा आणि महिपतराव म्हणायचे तसं शांतपणे म्हणा, "पुन्हा."